उंबरठ्यावरचा अनोळखी माणूस : ग. रा. कामत यांच्या पटकथांविषयी

जत्रेच्या तंबूत सिनेमा सुरू झाला, की पहिली तीन-चार मिनिटे पडद्याकडे फारसे कुणाचे लक्ष नसे. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला, मधून दोरी बांधलेली. कुणी घोंगडी अंथरते आहे, कुणी फुटाण्यांचा पुडा सोडते आहे, कुणी गर्दीत मागे राहिलेल्या पोराला हाका मारते आहे. नेमक्या त्याच वेळी पडद्यावरून नावांच्या पाट्या जात. नट-नट्यांची नावे आली की शिट्ट्या होत, संगीतकाराचे नाव आले की कुणीतरी मान डोलावी. मधल्या एका पाटीवर पटकथाकाराचे नाव येई आणि लोक बसून स्थिरस्थावर व्हायच्या आत निघूनही जाई. ‘मेरा गाँव मेरा देश’ लागला असेल, तर ते नाव असे जी. आर. कामत.

हा सिनेमा पाहून परतणाऱ्यांच्या तोंडी धर्मेंद्र असे, विनोद खन्नाचा जब्बर सिंग असे, लक्ष्मी छायाचा नाच असे. पण दुसऱ्या दिवशी निंदणाला गेलेल्या बाईने ज्याचा सिनेमा चुकला होता त्याला तो सांगायला घेतला, म्हणजे ती नाच सांगत नसे. ती गोष्ट सांगे: आधी काय झाले, मग कोण आले, मग कुणी कुणाला फितूर केले. तो क्रम तिला बिनचूक आठवे, कारण तो कुणीतरी आठवेल असाच लावलेला होता. लावणारा माणूस मराठी होता. तरुणपणी ‘मौज’ आणि ‘सत्यकथे’च्या संपादनात रमलेला, पुढे हिंदी पडद्यावर खून, कोर्ट, बंदुका आणि घोडे यांच्या गोष्टी बांधणारा. मराठी साहित्याच्या वर्तुळात ग. रा. कामत, हिंदी चित्रसृष्टीत जी. आर. कामत.

या ओळी जिथून लिहिल्या जात आहेत, ते हिवरा आश्रम हे मेहकर तालुक्यातले गाव बुलडाणा जिल्ह्याबाहेर ओळखले जाते ते विवेकानंद आश्रमामुळे. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या आश्रमात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो, आणि त्यातली पंगत ज्याने पाहिली तो विसरत नाही. मोकळ्या शेतात रांगांमागून रांगा बसलेली माणसे, आणि त्या रांगांमधून पुऱ्या आणि वांग्याची भाजी घेऊन हळूहळू सरकणारे ट्रॅक्टर. उत्सव म्हटला की कीर्तन आले, प्रवचन आले. अशा गावातल्या मुलांना गोष्ट कशी बांधतात हे अगदी मुळापासून शिकवावे लागत नाही. कीर्तनकार दृष्टांत नेमका कुठे तोडतो, विठ्ठलनामाचा गजर सुरू करून श्रोत्याला त्याच टोकावर कसा बसवून ठेवतो आणि टाळ थांबल्यावर एका वाक्यात गाठ कशी सोडवतो, हे त्यांनी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले असते. रहस्यपटाच्या पटकथेचे काम याहून फार वेगळे नाही. गावातली आणि आसपासची जी मुलेमुली सिनेमासाठी लिहू पाहत आहेत, त्यांच्यासाठी कामतांच्या चित्रपटांवरची टिपणे पुढच्या पानांत आहेत. ही त्या टिपणांची प्रस्तावना.

कामतांचा प्रवास कुठून सुरू झाला हे लक्षात घेतल्याशिवाय तो कुठे पोचला याचे मोल कळत नाही. ‘सत्यकथा’ म्हणजे मराठी नवकथेचे घर. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथा वाचत मराठी वाचक एक गोष्ट शिकला: कथेत काय घडले याइतकेच, ते माणसाच्या मनात कसे घडले हेही महत्त्वाचे. संपादक श्री. पु. भागवतांच्या शेजारी बसून कथा निवडणे, शब्दाशब्दावर अडणे, लेखकाला पुन्हा लिहायला लावणे, ही तालीम कामतांना मिळाली. त्याच काळात मराठीत दुसरा एक प्रवाह धो धो वाहत होता. तो बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून हातोहात फाटत होत्या. या दोन प्रवाहांची आपसांत भेट नव्हती. एका बाजूला मनाची गुंतागुंत, दुसऱ्या बाजूला गुन्ह्याची. ‘सत्यकथा’ वाचणारा अर्नाळकर उशीखाली लपवून वाची. कामतांनी पुढे पडद्यावर जे केले त्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि त्यांच्या कामाकडे पाहण्याची ही पहिली किल्ली आहे.

सिनेमात त्यांचे पाऊल मराठीतूनच पडले. १९५२ साली राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ आला. त्याच्या लेखनात कामतांचा वाटा होता. थोडक्या दिवसांत एक लाख रुपये खर्चून दाखवायचे, या एका अटीवर सबंध चित्रपट उभा आहे. विनोदी आहे, गाणी गोड आहेत, पण सांगाडा पाहिला तर तो थरारपटाचाच: मुदत ठरलेली, अट कडक, आणि प्रत्येक प्रसंगात ती अट मोडते की काय याची धाकधूक. या चित्रपटातून कुसुम आणि कुमुद सुखटणकर या दोन बहिणी चित्रा आणि रेखा या नावांनी प्रेक्षकांसमोर आल्या. रेखा पुढे कामतांच्या पत्नी झाल्या आणि रंगभूमी, चित्रपट, दूरदर्शन मालिका अशा तिन्ही ठिकाणी रेखा कामत या नावाने अखेरपर्यंत घरोघरच्या होऊन राहिल्या.

हिंदीत त्यांची जोडी जमली ती राज खोसला यांच्याशी. खोसला गुरुदत्तांच्या हाताखाली तयार झालेले. ‘सी.आय.डी.’ने १९५६ साली त्यांना नाव मिळवून दिले होते. गाण्याचे चित्रण करावे तर खोसलांनी, असे आजही जाणकार म्हणतात. पण गाणे चांगले चित्रित व्हायचे तर ते गोष्टीत अशा जागी यावे लागते, की तिथे ते आल्याशिवाय गत्यंतर नसते. ती जागा पटकथाकार करून देतो.

इथे हिंदी चित्रसृष्टीची एक रीत नव्या वाचकाला समजावून सांगायला हवी. तिथे लेखनाच्या तीन वेगळ्या पाट्या असतात: कथा, पटकथा आणि संवाद. कथा एखाद्या कादंबरीची, नाटकाची किंवा परदेशी गोष्टीची. संवाद बहुधा उर्दूवर हुकमत असलेल्या लेखकाचे. मधला जो पटकथाकार, त्याच्या वाट्याला वरवर पाहता एकही वाक्य येत नाही. कामतांच्या चित्रपटांत संवादांच्या जागी राजिंदर सिंग बेदी आहेत, अख्तर उल ईमान आहेत, राही मासूम रझा आहेत. सगळे उर्दू-हिंदी साहित्यातले मोठे लोक. मग कामत काय करीत होते? कोणता प्रसंग कशानंतर येणार, प्रेक्षकाला कोणती गोष्ट केव्हा कळणार आणि पात्राला ती केव्हा कळणार, कोण कोणत्या दारातून आत येणार आणि त्या वेळी खोलीत आधीपासून कोण असणार, हे ते ठरवीत होते. चित्रसृष्टीतले लोक याला ‘वन लाइन’ म्हणतात. सिनेमाचे सगळे प्रसंग एकेका ओळीत, क्रमाने. स्टोरी सिटिंगला तासन्‌तास बसायचे आणि त्या शंभरेक ओळींतली एक उचलून तीन ओळी वर न्यायची, हे काम. ते पडद्यावर दिसत नाही. फसले तर मात्र तंबूतल्या शेवटच्या रांगेलाही कळते.

खोसलांचा ‘काला पानी’ १९५८ सालचा. ए. जे. क्रोनिन यांच्या ‘बियाँड धिस प्लेस’ या कादंबरीवरून बेतलेला, नवकेतन या चित्रसंस्थेचा, देव आनंद यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार देणारा. मेला असे ज्याच्याबद्दल सांगितले गेले तो बाप हैदराबादच्या तुरुंगात खुनाची जन्मठेप भोगतो आहे, असे मुलाला कळते आणि तो तिकडे निघतो. बापाच्या सुटकेचा पुरावा म्हणजे एक पत्र, आणि ते आहे किशोरी नावाच्या गाणारणीकडे. ते मिळवण्यासाठी मुलगा तिच्या प्रेमात पडल्याचे नाटक करतो. रहस्यकथेच्या हिशेबाने हे साधे आहे: पत्र हवे, युक्ती केली, पत्र मिळाले. पण कामतांच्या मांडणीत खरा प्रश्न पत्राचा उरतच नाही. निरपराध बापाला सोडवायला निघालेला मुलगा एका बाईला फसवतो आहे, हे प्रेक्षकाला दिसत राहते. नलिनी जयवंत यांनी किशोरीचे दुखावणे इतके आवरून धरले आहे, की त्यांच्या भूमिकेलाही फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. गुन्ह्याचा तपास करणाऱ्याच्या हातून त्या तपासातच नवा अपराध घडतो. ‘सत्यकथे’ची तालीम इथे दिसते.

‘बंबई का बाबू’ १९६० सालचा. त्याचे मूळ ओ. हेन्री यांच्या एका कथेत आहे. ओ. हेन्री स्वतः टेक्सासमध्ये मेंढ्यांच्या कुरणांवर राहिलेले, बँकेतल्या अफरातफरीच्या आरोपामुळे होंडुरासला पळालेले, परत येऊन तुरुंगात गेलेले. त्यांची ही कथा अगदी अस्सल वेस्टर्न आहे. टेक्सासच्या लारेडो गावी एक तरुण बंदुकबाज पत्त्यांच्या डावात खून करतो, दक्षिण अमेरिकेत पळतो आणि तिथल्या एका श्रीमंत घरात त्यांचा हरवलेला मुलगा म्हणून शिरतो. चोरी करायला शिरलेला असतो, पण त्या आईच्या मायेपुढे त्याचा हात उठत नाही. आणि ज्याला त्याने मारले तोच त्या घरचा खरा मुलगा होता, हे शेवटी उलगडते. हॉलिवूडने १९३० साली गॅरी कूपरला घेऊन या कथेवर ‘द टेक्सन’ केला होता.

हिंदीत आणताना या कथेला एकच नवी गोष्ट जोडली आहे, आणि तिने सगळा तोल बदलून टाकला आहे. त्या घरात एक मुलगी आहे. माया. सुचित्रा सेन. बाबू तिचा भाऊ म्हणून घरात शिरतो आणि तिच्यावर प्रेम करू लागतो. तो भाऊ नाही हे आपल्याला माहीत आहे, त्याला माहीत आहे, तिला नाही. आता राखीचा प्रसंग, थट्टेचा प्रसंग, एकमेकांच्या शेजारून चालण्याचा साधा प्रसंगही रहस्यपटाइतका ताणलेला होतो. पोलीस पाठीवर आहेत ते वेगळेच, पण आपण श्वास रोखतो तो घरातल्या माणसांपायी. शेवटी मायाची डोली उंबरठा ओलांडून जाते, आणि तिच्यावर जीव जडलेला माणूस भाऊ म्हणून दारात उभा राहतो. त्याला रडायचीही सोय आहे, कारण बहीण सासरी जाताना भाऊ रडतोच. एकाच अश्रूला दोन अर्थ, आणि घरातल्या कुणालाही दुसरा कळत नाही. असा प्रसंग संवादाने लिहिता येत नाही, तो मांडणीने लिहावा लागतो.

या दोन चित्रपटांवरून कामतांची वाट दिसू लागते. अमेरिकन वेस्टर्नमध्ये अनोळखी माणूस गावात येतो, गावाला गुंडांपासून सोडवतो आणि निघून जातो. ‘शेन’मधला शेन घोड्यावर बसून डोंगराकडे जातो. ‘हाय नून’मधला मार्शल छातीवरचा तारा धुळीत टाकून गाव सोडतो. त्या गोष्टीचा शेवट रस्त्यावर आहे. कामतांच्या गोष्टीतला अनोळखी माणूस घरात येतो. त्याला बाप हवा असतो, आई हवी असते, जेवायला बसायची जागा हवी असते. तो कोण आहे या प्रश्नाला म्हणूनच धार येते. गावाला फसवणे आणि चुलीपाशी बसून फसवणे यांत फरक आहे.

याचे सर्वांत नेटके रूप ‘मेरा साया’त आहे. हा १९६६ सालचा चित्रपट राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून केलेला. ‘पाठलाग’ १९६४ सालचा, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा. तमिळमध्येही या गोष्टीवर १९६५ साली ‘इदय कमलम’ निघाला. एका मराठी कादंबरीने दोन-अडीच वर्षांत तीन भाषांचे पडदे गाठले, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

गोष्ट अशी. वकील असलेल्या नवऱ्याच्या मिठीत त्याची बायको मरते. आपण ते पाहतो. तिला अग्नी दिला जातो. मग दरोडेखोरांच्या टोळीबरोबर एक बाई पकडली जाते, हुबेहूब तिच्यासारखी, आणि ती म्हणते की मीच त्यांची बायको. खटला उभा राहतो आणि त्या बाईची उलटतपासणी घेतो तो नवराच.

पटकथेतली हुशारी या एका योजनेत आहे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात साधना उभी आहे. समोर काळ्या डगल्यात सुनील दत्त. त्यांच्यात चार पावलांचे अंतर. तिला खोटी ठरवायची तर त्याने असेच प्रश्न विचारले पाहिजेत ज्यांची उत्तरे फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक असतील. म्हणजे भरल्या कोर्टात, कारकून-पट्टेवाल्यांच्या देखत, त्याला आपला संसार एकेक पदर करून उलगडावा लागतो. तिचे उत्तर चुकले तर तो खटला जिंकतो, पण त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नसतो. तिचे उत्तर बरोबर आले तर त्याच्या पायाखालची जमीन सरकते. प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्यालाच महाग पडतो. उलटतपासणीचे प्रसंग हिंदी सिनेमात पुष्कळ आहेत. वकिलाने विचारलेला प्रश्न वकिलालाच कापत जातो, असा प्रसंग मात्र विरळा. आणि तिची मागणी किती साधी आहे: मला माझ्या घरात येऊ द्या. सगळा खटला एका उंबरठ्यासाठी चालला आहे.

रहस्य काय ते इथे सांगायचे नाही. एवढेच सांगता येईल, की पहिल्या प्रसंगात प्रेक्षकाला दाखवलेले काहीही खोटे नाही. चित्र खरे आहे. त्यावरून आपण जे गृहीत धरतो तिथे आपण फसतो. लिहिणाऱ्या मुलांनी ‘पाठलाग’ आणि ‘मेरा साया’ दोन्ही पाहून हे तपासावे. खोटे दाखवून धक्का देणे कुणालाही जमते. खरे दाखवून प्रेक्षकाला त्याच्याच समजुतीत अडकवणे ही पटकथाकाराची कसोटी आहे.

मराठी साहित्याची ही ये-जा कामतांच्या हातून पुढेही होत राहिली. ‘दो रास्ते’ १९६९ सालचा, चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘निलांबरी’वरून. ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ १९७८ सालचा, काकोडकरांच्याच ‘अशी तुझी प्रीत’वरून. हे कौटुंबिक चित्रपट या टिपणांच्या कक्षेत येत नाहीत. पण एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ज्या काकोडकरांच्या ‘श्यामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला होता, त्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच निर्दोष ठरवले, आणि त्याच वर्षी त्यांची दुसरी गोष्ट देशभरच्या घरांनी सहकुटुंब पाहिली. काकोडकरांना गल्लाभरू म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेला त्यांच्या गोष्टीतला घराचा ताण दिसला नाही; ‘सत्यकथे’तून आलेल्या कामतांना तो दिसला.

आता घोड्यांकडे यायचे.

वेस्टर्न हा प्रकार कुणा एका देशाच्या मालकीचा कधीच राहिला नाही. जपानच्या कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’वरून १९६० साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ झाला. त्यांच्याच ‘योजिम्बो’वरून सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने स्पेनच्या रखरखीत माळावर १९६४ साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला. भारतात या प्रकाराला जमीन मिळाली ती चंबळच्या खोऱ्यात. दरोडेखोर आपल्या पडद्यावर आधीच आलेले होते, ‘जिस देश में गंगा बहती है’त आणि ‘गंगा जमुना’त. १९६० च्या मे महिन्यात विनोबा भावे भिंड-मोरेनाच्या बीहडात पायी फिरले आणि डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. वर्ध्याजवळच्या पवनारहून निघालेला एक मराठी माणूस हत्याराशिवाय त्या दऱ्यांत शिरतो आणि माणसे त्याच्या पायाशी येतात, ही बातमी विदर्भातल्या गावागावांत वाचली गेली. चंबळ इथून दूर असली, तरी डाकू म्हणजे परक्या मुलखातला प्राणी नव्हे, तो कुणाच्या तरी घरातून उठून गेलेला माणूस आहे, ही समज इथे होती.

‘मेरा गाँव मेरा देश’ १९७१ साली आला, कथा अख्तर रोमानी यांची. अजित हा भुरटा चोर. आईबाप नाहीत, गाव नाही. तुरुंगातून सुटल्यावर जसवंत सिंग हा निवृत्त फौजी त्याला आपल्या गावात आणतो. फौजीने एक हात गमावलेला आहे. गावावर जब्बर सिंगाची दहशत आहे, ठाणे दूर आहे, पंचायत घाबरलेली आहे. वेस्टर्नचा सगळा साज इथे आहे: कायदा न पोचलेले गाव, नेमबाज परका, शेवटची समोरासमोरची झुंज. पण पटकथेने लक्ष ठेवले आहे ते फौजी आणि चोर यांच्यावर. एक बाप मुलगा घडवतो आहे. त्याला शेतावर राबवतो, मारतो, शिकवतो, आणि चोराला हळूहळू कळते की आपल्याला बंदूक दिली जात नाहीये, घर दिले जाते आहे. शेन निघून गेला, अजित राहतो.

लक्ष्मी छायाने केलेल्या मुन्नीच्या पात्रावर कामतांनी घेतलेली मेहनत तर वेगळा पाठ घ्यावा अशी आहे. ती जब्बरसाठी गावात हेरगिरी करते आणि अजितमध्ये गुंतते. नायिका आशा पारेख असल्या, तरी गोष्टीची बिजागरी मुन्नी आहे. अड्ड्यावर बांधून घातलेल्या अजितसमोर ती नाचते, त्या गाण्यात कथा क्षणभरही थांबत नाही. उलट याचे काय करायचे हाच प्रश्न त्या गाण्यात ताणला जातो. तीन बाजूंनी नजरा आहेत, जब्बरची, अजितची आणि तिची स्वतःची. त्या गाण्यानंतर ती पहिली मुन्नी राहत नाही.

चार वर्षांनी, १५ ऑगस्ट १९७५ ला, ‘शोले’ आला. सलीम-जावेद यांच्या त्या पटकथेची थोरवी कुणी नाकारू नये. पण जब्बर आणि गब्बर ही नावे शेजारी ठेवून पाहावीत. एक हात नसलेला फौजी आणि दोन्ही हात गमावलेला ठाकूर शेजारी ठेवावेत. तुरुंगातून गावात आणलेले चोरही शेजारी ठेवावेत. आणखी एक योग असा, की जसवंत सिंगाचे काम करणारे जयंत हे गब्बर झालेल्या अमजद खान यांचे वडील. ‘शोले’ पडद्यावर यायच्या दोनच महिने आधी ते गेले. ‘शोले’वर पुस्तके निघाली, त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या. ज्या चित्रपटाने ती वाट मळवली, त्याच्या पटकथाकारावर मराठीतसुद्धा मनासारखे लिहिले गेले नाही, याची खंत या टिपणांच्या मुळाशी आहे.

‘कच्चे धागे’ १९७३ सालचा. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यापुढे मोठ्या संख्येने शस्त्रे ठेवली होती. या चित्रपटात विनोद खन्ना आणि कबीर बेदी हे दोघेही डाकू, एकमेकांचे वैरी. खलनायक एकटा कुणी नाही आणि नायकही नाही. पिढीजात वैराच्या गोष्टीत कुणाची बाजू घ्यायची हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही, आणि हे कामतांनी जाणूनबुजून केले आहे. चित्रपट सर्वत्र सारखा घट्ट नाही. दोघांना समान वजन देताना मधल्या भागात गोष्ट आपलाच वेग हरवते. तसेच ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये जसवंत सिंग सोडला तर गावकरी नुसते घोळक्याने वावरतात, कोण कसे जगते, कुणाची किती जमीन, कुणाचे कुणाशी वाकडे, हे दिसत नाही. गावात वाढलेल्या वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल. जाणवावी. तिथे त्याला स्वतःला लिहायला जागा आहे.

गुन्हेपट आणि वेस्टर्न या दोन्ही प्रकारांत सारख्या हातोटीने लिहिणारे जगभरात थोडेच. अमेरिकेत ली ब्रॅकेट हे नाव त्यात पहिल्या रांगेत येते. त्यांची एक गुन्हेगारी कादंबरी वाचून दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी त्यांना पुरुष समजून बोलावणे धाडले, आणि दारात एक तरुण बाई उभी राहिली. त्यांनी विल्यम फॉक्नर यांच्यासोबत ‘द बिग स्लीप’ लिहिला, पुढे ‘रिओ ब्राव्हो’ आणि ‘एल डोराडो’ हे वेस्टर्न लिहिले, १९७३ साली ‘द लाँग गुडबाय’ लिहिला, आणि १९७८ साली जाण्यापूर्वी ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चा पहिला खर्डा देऊन गेल्या. ‘रिओ ब्राव्हो’त एक शेरीफ, एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक पोरगा गावच्या कोठडीत कोंडून घेऊन लढतात, आणि बघता बघता त्या कोठडीचे घर होते. ब्रॅकेट आणि कामत यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचे काही कारण नाही. पण बंदुकीच्या गोष्टीत घर शोधण्याची ओढ दोघांतही आहे. ब्रॅकेट यांच्यावर त्यांच्या भाषेत भरभरून लिहिले जाते. त्यांच्या प्रत्येक पटकथेत त्यांचे किती आणि दुसऱ्याचे किती, याचा काथ्याकूट होतो. कामतांच्या वाट्याला तेवढे लक्ष आले, तर मराठी वाचकाला हिंदी सिनेमाचा एक मोठा तुकडा आपल्या घरचा म्हणून ओळखता येईल.

पुढची टिपणे वाचण्याआधी चित्रपट पाहावेत, आणि शक्य तर एकट्याने मोबाइलवर न पाहता चार जणांत पाहावेत. मेहकरला पैनगंगेकाठी असो की हिवऱ्यात एखाद्याच्या ओसरीवर असो, भिंतीला पांढरी चादर लावली की पुरते. वही जवळ ठेवावी. प्रत्येक प्रसंगाची एकच ओळ लिहावी, आणि त्या ओळीपुढे दोन खुणा कराव्यात: या प्रसंगात प्रेक्षकाला काय नवे कळले, आणि पात्रांपैकी कुणाला ते अजून कळलेले नाही. ‘पाठलाग’ आणि ‘मेरा साया’ एका आठवड्यात लागोपाठ घ्यावेत आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून कोर्टाचे प्रसंग ताडून पाहावेत. ‘बंबई का बाबू’ला फक्त दारे मोजावीत, कोण आत येते, कोण बाहेर जाते, आणि त्या वेळी उंबरठ्यावर कोण उभे असते. ‘मेरा गाँव मेरा देश’ शेवटी ठेवावा. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या आत येऊन बसावे.

हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलडाणा